विजयांची टक्केवारी कशी काढावी : अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या नवख्या प्रेक्षकांसाठी

ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या विद्यापीठात शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींना पहिल्या दोन-तीन शनिवारांतच कळून चुकते की या गावाचा कारभार फुटबॉलच्या वेळापत्रकावर चालतो. रस्ते बंद असतात, बसचे मार्ग बदललेले असतात, आणि सोमवारी प्रयोगशाळेत जो तो ‘आपण आता फाइव्ह हंड्रेडच्या वर आलो’ अशा भाषेत बोलत असतो. हे पाचशे कशाचे, आणि हंगामात सामने जेमतेम बारा असताना ते आले कुठून, हे विचारायला संकोच वाटतो. मलाही वाटला होता. ज्यांना तो वाटतो त्यांच्यासाठी हा लेख आहे.

यातले गणित शाळेतल्या अपूर्णांकांच्या पलीकडे जात नाही, हे आधीच सांगून टाकतो. अंश वर, छेद खाली, भागाकार केला की उत्तर मिळते. खरी अडचण दुसरीकडे आहे. भागाकाराला मिनिटभरही लागत नाही. पण छेदात कोणते सामने धरायचे आणि कोणते वगळायचे हे ठरवताना भलेभले अडखळतात, आणि दोन जाणकारांची उत्तरे जुळत नाहीत तेव्हा फरक बहुधा छेदातच सापडतो. म्हणून मूळ कृती थोडक्यात सांगून पुढे छेदाकडेच जास्त लक्ष दिले आहे.

आधी नोंद नीट वाचा

संघाची हंगामातली कामगिरी दोन किंवा तीन आकड्यांत लिहितात. ‘१४-२’ म्हणजे चौदा विजय आणि दोन पराभव. तिसरा आकडा दिलेला असेल, उदाहरणार्थ ‘९-०-१’, तर तो बरोबरीत सुटलेल्या सामन्यांचा असतो. म्हणजेच क्रम विजय, पराभव, बरोबरी असा आहे. ज्यांचा डोळा युरोपातल्या फुटबॉलच्या गुणतक्त्यांना सरावलेला आहे त्यांनी इथे विशेष जपावे; तिकडे बरोबरीचा रकाना बहुधा मधे असतो, आणि त्या सवयीने ‘९-०-१’ वाचले तर एका अपराजित संघाच्या माथी फुकटचा पराभव बसतो.

दुसरा गोंधळ सामन्याच्या गुणसंख्येचा होतो, कारण तीही मधे आडवी रेघ देऊनच लिहितात. ‘३१-२४’ ही सामन्याची गुणसंख्या आहे की संघाची नोंद? साधा ठोकताळा असा की एका हंगामाच्या नोंदीतल्या आकड्यांची बेरीज सोळाच्या आसपास थांबते. त्याहून बरीच मोठी बेरीज दिसली की ते गुण समजावेत.

तिसरी गोष्ट हंगामाच्या नावाची. हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि पुढच्या जानेवारीत संपतो, पण नाव मात्र सुरुवातीच्या वर्षाचेच राहते. २० जानेवारी २०२५ रोजी ओहायो स्टेटने नोटर डेमला ३४-२३ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तो विजय २०२४ च्या खात्यात जमा झाला. आपण एकेका कॅलेंडर वर्षाचे सामने मोजत बसलो तर प्रत्येक हंगामाचा शेवट पुढच्या वर्षात जाऊन पडतो आणि सगळा हिशेब एका घराने सरकतो.

मूळ कृती

विजयांच्या संख्येला एकूण सामन्यांच्या संख्येने भागावे. २०२४ च्या हंगामात ओहायो स्टेटची नोंद १४-२ होती. एकूण सामने १६, म्हणून १४ ÷ १६ = ०.८७५. लिहिताना दशांश चिन्हाआधीचा शून्य गाळतात आणि चिन्हानंतर तीन आकडे ठेवतात, म्हणजे .८७५. नावात टक्केवारी असली तरी शंभराने गुणण्याची पद्धत नाही. बेसबॉलच्या तक्त्यांतही हेच दिसते. बोलताना दशांश चिन्हाचा उच्चारही होत नाही, त्यामुळे निम्मे सामने जिंकणाऱ्या संघाचे .५०० हे तोंडी ‘फाइव्ह हंड्रेड’ होते. प्रयोगशाळेतल्या त्या पाचशेचा उगम एवढाच आहे. सगळे सामने जिंकले तर १.०००, जसे मिशिगनने २०२३ च्या हंगामात १५-० अशा नोंदीने मिळवले. एकही जिंकला नाही तर.०००. प्रेअरी व्ह्यू ए अँड एम हा टेक्ससमधला संघ १९८९ ते १९९८ या काळात ओळीने ८० सामने हरला, तेव्हा त्याच्या नावापुढे मधली सलग कित्येक वर्षे .००० हाच आकडा छापला जात होता.

आकडा जवळच्या तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत न्यावा, पण तो फक्त शेवटच्या पायरीला. पेन स्टेटची २०२४ ची नोंद १३-३ होती. १३ ÷ १६ चे उत्तर नेमके ०.८१२५ येते आणि ते .८१३ असे छापतात. मधल्या पायऱ्यांत असे वरखाली करत गेलो तर पुढच्या बेरजा बिघडतात.

बरोबरीचे सामने

बरोबरीचा सामना म्हणजे अर्धा विजय आणि अर्धा पराभव. म्हणून सूत्र असे होते: विजय अधिक बरोबरीची निम्मी संख्या, या बेरजेला विजय, पराभव आणि बरोबरी या तिन्हींच्या बेरजेने भागावे. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत; त्यातल्या निमकीला इथे अचानक काम मिळते. पाच बरोबरींचे अडीच, नवांचे साडेचार, सतरांचे साडेआठ.

आजच्या हंगामाचा हिशेब करताना याची गरज पडणार नाही. १९९६ च्या हंगामापासून बरोबरीत असलेला सामना ओव्हरटाइममध्ये निकाली काढतात. दोन्ही संघांना प्रतिस्पर्ध्याच्या २५ यार्डांच्या रेषेपासून आळीपाळीने संधी मिळते, पुढच्या फेऱ्यांत ती आणखी आखूड होत जाते, आणि कोणीतरी जिंकेपर्यंत हे चालते. २०२१ मध्ये इलिनॉयने पेन स्टेटला २०-१८ असे हरवले, ते नवव्या ओव्हरटाइममध्ये. तरीही पेन स्टेटच्या खात्यात पूर्ण पराभवच पडला. काही खेळांत जादा वेळेत हरणाऱ्याला एखादा गुण देतात, तशी सवलत इथे नाही.

मात्र १९९५ किंवा त्याआधीच्या हंगामांत शिरलात की बरोबरी पावलोपावली भेटते. नोव्हेंबर १९६६ मध्ये नोटर डेम आणि मिशिगन स्टेट हे दोन बलाढ्य संघ १०-१० अशा बरोबरीत थांबले आणि दोघांनीही हंगाम ९-०-१ असा संपवला. हिशेब: ९.५ ÷ १० = .९५०. दोन वर्षांनी, २३ नोव्हेंबर १९६८ रोजी, येलविरुद्ध १३-२९ असा पिछाडीवर असलेल्या हार्वर्डने शेवटच्या ४२ सेकंदांत १६ गुण काढून २९-२९ अशी बरोबरी साधली. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांच्या दैनिकाने ‘हार्वर्डने येलला २९-२९ असे हरवले’ अशा अर्थाचा मथळा दिला आणि तो मथळा सामन्याइतकाच प्रसिद्ध झाला. टक्केवारीला असला विनोद कळत नाही. दोघांची नोंद ८-०-१, दोघांची टक्केवारी ८.५ ÷ ९ = .९४४.

टक्केवारीला गुणांचा फरकही कळत नाही, हे याच आकड्यावरून दाखवता येते. ७ ऑक्टोबर १९१६ रोजी जॉर्जिया टेकने कंबरलँडला २२२-० असे हरवले; तो विजय एकच धरला गेला. त्याच हंगामात वॉशिंग्टन अँड ली संघाबरोबर ७-७ अशी एक बरोबरी झाली, तिने अर्धा विजय कापला. हंगामाची नोंद ८-०-१, म्हणजे पुन्हा .९४४.

बरोबरी अर्धी धरायची की हिशेबातून वगळायची, हा वाद किरकोळ नाही. व्यावसायिक लीग असलेल्या एनएफएलमध्ये १९७२ पूर्वी बरोबरीचे सामने छेदातून काढून टाकत असत, आणि त्यामुळे १९३२ चे विजेतेपदच एका संघाकडून दुसऱ्याकडे गेले असे म्हणता येते. त्या वर्षी साखळी संपली तेव्हा शिकागो बेअर्स ६-१-६, पोर्ट्समथ स्पार्टन्स ६-१-४ आणि ग्रीन बे पॅकर्स १०-३-१ अशी स्थिती होती. बरोबरी वगळली तर बेअर्स आणि स्पार्टन्स दोघेही ६ ÷ ७ = .८५७ वर येतात आणि पॅकर्स १० ÷ १३ = .७६९ वर राहतात. म्हणून पहिल्या दोघांत निर्णायक सामना झाला आणि बेअर्स ९-० असे जिंकले. आता आजच्या पद्धतीने तेच आकडे मांडून पाहा: पॅकर्स १०.५ ÷ १४ = .७५०, स्पार्टन्स ८ ÷ ११ = .७२७, बेअर्स ९ ÷ १३ = .६९२. क्रम पुरता उलटा होतो. म्हणून जुना तक्ता हाती आला की त्यात बरोबरी कशी धरली आहे हे आधी एका ओळीवरून तपासावे, मग पुढे जावे. बरोबरी असलेला एखादा संघ निवडून दोन्ही पद्धतींनी भागाकार करावा. छापील आकड्याशी जो जुळेल ती त्या तक्त्याची पद्धत.

छेद ठरवणे

एकाच संघाच्या, एकाच हंगामाच्या दोन टक्केवाऱ्या असतात आणि दोन्ही बरोबर असतात. एक सर्व सामन्यांची, दुसरी फक्त कॉन्फरन्समधल्या सामन्यांची. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा गट. बिग टेन, एसईसी ही त्यातली मोठी नावे. गटाचा तक्ता गटातल्या सामन्यांवरच लागतो. बाहेरच्या संघाला कितीही धूळ चारली तरी तिथे त्याची नोंद होत नाही.

२०२४ च्या बिग टेनमध्ये हा फरक ठळक दिसला. गटातल्या नियमित सामन्यांत ओरेगन ९-० म्हणजे १.०००, इंडियाना आणि पेन स्टेट ८-१ म्हणजे .८८९, आणि ओहायो स्टेट ७-२ म्हणजे .७७८. ओहायो स्टेट चौथी होती. हंगामाअखेर सर्व सामन्यांची टक्केवारी मात्र अशी झाली: ओरेगन १३-१, .९२९, ओहायो स्टेट १४-२,.८७५, इंडियाना ११-२,.८४६, पेन स्टेट १३-३,.८१३. राष्ट्रीय विजेतेपद कोणाला मिळाले ते वर आलेच आहे. सर्वांत मोठी टक्केवारी असलेल्या ओरेगनने अख्ख्या हंगामात एकच सामना गमावला, तो प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेऱ्यांत, रोझ बाऊल नावाच्या सामन्यात, ओहायो स्टेटकडून. अंतिम सामन्यात हरलेल्या नोटर डेमची नोंदही १४-२ होती, म्हणजे विजेता आणि उपविजेता दोघेही .८७५ वर. टक्केवारीवरून विजेता ठरत नाही हे नवख्या प्रेक्षकाला पटवून द्यायला मी हेच उदाहरण देतो.

यात एक बारकावा आहे. गटाच्या अजिंक्यपदाचा सामना गटातल्याच दोन संघांत होतो, पण तो गटाच्या तक्त्यात धरत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये ओरेगनने पेन स्टेटला ४५-३७ असे हरवले; तो सामना दोघांच्याही एकूण नोंदीत आहे, ९-० आणि ८-१ यांत नाही. बाऊल सामने, म्हणजे नियमित हंगाम संपल्यावर पात्र संघांत होणारे सामने, आणि प्लेऑफही फक्त एकूण नोंदीत येतात. त्यामुळे नोव्हेंबरअखेर छापलेली टक्केवारी आणि जानेवारीतली टक्केवारी वेगळी असते. प्लेऑफआधी ओहायो स्टेट १०-२ होती, म्हणजे .८३३, पुढचे चारही सामने जिंकल्यावर ती.८७५ झाली. कोणत्या तारखेचा आकडा आपण घेतो आहोत हे शेजारी लिहून ठेवण्याची सवय लावावी.

न खेळलेला सामना छेदात धरू नये. हे सांगायलाच नको असे वाटेल, पण २०२० च्या साथीच्या हंगामात त्याने मोठा वाद झाला. ओहायो स्टेटचे तीन नियमित सामने रद्द झाले आणि ती ५-० म्हणजे १.००० वर राहिली. इंडियाना ६-१ म्हणजे.८५७. गटाच्या अंतिम सामन्यासाठी किमान सहा सामने खेळण्याची अट बिग टेनने घातली होती, ती डिसेंबरात मागे घेतली गेली आणि ओहायो स्टेट अंतिम सामन्यात पोचली. इंडियानाचा एकमेव पराभव ओहायो स्टेटकडूनच झाला होता, म्हणून निर्णय अन्यायाचा होता असे मला वाटत नाही. पण पाचापैकी पाच आणि पंधरापैकी पंधरा या दोघांचाही आकडा १.००० च असतो, तेव्हा टक्केवारीच्या शेजारी मूळ नोंद नेहमी द्यावी.

प्रतिस्पर्धी खालच्या श्रेणीतला असला तरी विजय आणि पराभव पूर्णच मोजतात. १ सप्टेंबर २००७ रोजी ॲपलाशियन स्टेट या खालच्या श्रेणीतल्या संघाने मिशिगनला त्याच्याच मैदानावर ३४-३२ असे हरवले, आणि मिशिगनच्या ९-४ या नोंदीतल्या चार पराभवांत तोही इतर तिघांच्या शेजारी निमूट बसला आहे.

रद्द झालेले आणि बहाल केलेले विजय

कॉलेज फुटबॉलमध्ये नियमभंगाबद्दल जुने विजय काढून घेण्याची शिक्षा आहे, आणि तिचे दोन प्रकार हिशेबात फार वेगळे वागतात. पहिल्या प्रकारात विजय पुसला जातो. तो सामना त्या संघाच्या अंशातूनही जातो आणि छेदातूनही. हरलेल्या संघाचा पराभव मात्र तसाच राहतो. दुसऱ्या प्रकारात विजयाचा पराभव होतो, म्हणजे अंश घटतो आणि छेद तेवढाच राहतो.

पहिल्या प्रकाराने किती विचित्र आकडे तयार होतात याचे उदाहरण सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे आहे. २००४ मध्ये तो संघ १३-० होता आणि २००५ मध्ये १२-१. एका खेळाडूला नियमबाह्य लाभ मिळाल्याच्या प्रकरणात एनसीएए या नियामक संस्थेने २००४ चे शेवटचे दोन आणि २००५ चे सगळे बारा विजय पुसले. २००४ ची नोंद ११-० झाली, टक्केवारी आधीसारखीच १.०००, दोन विजय गेले तरी आकड्याला ओरखडाही नाही. २००५ ची नोंद ०-१ झाली आणि .९२३ वरून थेट .००० वर आली, कारण उरला तो फक्त रोझ बाऊलमध्ये टेक्ससकडून झालेला ४१-३८ असा पराभव.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण अलाबामाच्या १९९३ च्या हंगामाचे. मैदानावरची नोंद ९-३-१, म्हणजे ९.५ ÷ १३ = .७३१. अपात्र खेळाडू खेळवल्याबद्दल आठ विजय आणि एक बरोबरी यांचे पराभव झाले आणि अधिकृत नोंद १-१२ झाली. सामने तेरा ते तेराच. १ ÷ १३ = .०७७.

शिक्षा पुढे मागे घेतली गेली तर आकडे परत फिरतात. पेन स्टेटचे प्रशिक्षक जो पटर्नो यांची कारकिर्दीतली नोंद ४०९-१३६-३ अशी आहे, ४१०.५ ÷ ५४८ = .७४९. एका माजी सहप्रशिक्षकाच्या बाल लैंगिक अत्याचार प्रकरणानंतर २०१२ मध्ये विद्यापीठाचे ११२ विजय पुसले गेले, त्यांतले १११ पटर्नो यांचे. उरलेली नोंद २९८-१३६-३, म्हणजे २९९.५ ÷ ४३७ = .६८५. जानेवारी २०१५ मध्ये ते विजय पुन्हा बहाल झाले. म्हणून या अडीच वर्षांत छापलेला संदर्भ हाताशी असेल तर त्यातला आकडा आजच्या तक्त्याशी जुळणार नाही, आणि दोघांपैकी कोणाचाही भागाकार चुकलेला नसेल. तुम्ही स्वतः तक्ता करत असाल तर ‘मैदानावरची’ आणि ‘अधिकृत’ असे दोन रकाने ठेवा. एकाच रकान्यात कधी हे, कधी ते, अशी सरमिसळ करण्यापेक्षा तक्ता न केलेला बरा.

अनेक वर्षांची बेरीज

नवख्यांची सर्वांत जास्त होणारी चूक ही आहे: दोन हंगामांच्या टक्केवाऱ्या मिळवून त्यांना दोनाने भागणे. मिशिगन २०२० मध्ये २-४ होता, म्हणजे .३३३; २०२१ मध्ये १२-२, म्हणजे .८५७. या दोन आकड्यांची सरासरी .५९५ येते. पण दोन्ही वर्षांत मिळून संघ वीस सामने खेळला आणि चौदा जिंकला, म्हणजे खरी टक्केवारी .७००. फरक पडतो तो साथीच्या वर्षातल्या सहा सामन्यांना पुढच्या चौदांइतकेच वजन दिल्यामुळे. नियम असा की विजय विजयांत मिळवावेत, पराभव पराभवांत, बरोबरी बरोबरीत. भागाकार एकदाच, सर्वांत शेवटी.

संघाच्या संपूर्ण इतिहासाची टक्केवारी काढतानाही हेच करायचे आहे, फक्त बेरीज लांबलचक होते. पहिला कॉलेज सामना रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात ६ नोव्हेंबर १८६९ रोजी झाला, रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. त्याला आजच्या खेळाशी फारसे साम्य नव्हते, तरी रटगर्सचा इतिहास तिथूनच मोजतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये मेरिलँडला ३१-२४ असे हरवून एक हजार विजय गाठणारा मिशिगन हा पहिला संघ ठरला. पण सर्वाधिक विजय आणि सर्वाधिक टक्केवारी या दोन वेगळ्या याद्या आहेत, कारण काही विद्यापीठांनी पन्नास वर्षे उशिरा खेळ सुरू केला. एका हंगामाने अशा आकड्यात तिसऱ्या दशांश स्थळावर जेमतेम फरक पडतो.

प्रशिक्षकांच्या याद्यांत किमान हंगामांची किंवा सामन्यांची अट असते, ती आधी वाचावी; नाहीतर एकच वर्ष काम करून सगळे सामने जिंकलेला कोणीही यादीच्या माथ्यावर जाऊन बसेल. तिसऱ्या श्रेणीतल्या माउंट युनियनचे लॅरी केहरेस यांचा ३३२-२४-३, म्हणजे .९२९, हा आकडा मला या सगळ्या याद्यांत सर्वांत थक्क करणारा वाटतो. सत्तावीस हंगामांत पराभव चोवीस, म्हणजे वर्षाला एकही नाही.

पुढचा हिशेब

हंगाम चालू असताना लोकांना उलटे गणित हवे असते: आता इतके झाले, अमुक आकडा गाठायला अजून किती जिंकावे लागतील? लक्ष्याला हंगामाच्या एकूण सामन्यांनी गुणावे आणि हाती असलेले विजय वजा करावेत. बारा सामन्यांच्या हंगामात एखादा संघ ४-३ असेल आणि त्याला दोन तृतीयांश, म्हणजे .६६७, गाठायचे असेल तर एकूण आठ विजय हवेत, म्हणजे उरलेल्या पाचांतले चार. अपूर्णांक आला तर वरच्या पूर्ण संख्येकडे जावे. साडेसात विजय कोणी देत नाही.

.५०० ला इतके महत्त्व आहे ते बाऊल सामन्यांमुळे. साधारण नियमाने बाऊलला पात्र होण्यासाठी किमान सहा विजय आणि किमान .५०० लागतात. बारा सामन्यांत ६-६ पुरते. काही संघांना नियमित हंगामात तेरा सामने खेळायला मिळतात. त्यांची नोंद ६-७ झाली तर विजय सहा असूनही टक्केवारी.४६२ येते आणि दार बंद होते. बाऊलच्या जागा रिकाम्या राहिल्या तर ५-७ संघांनाही घेतात, पण तो अपवाद.

प्रतिस्पर्धी किती तगडे होते हे मोजायलाही हीच टक्केवारी वापरतात. सर्व प्रतिस्पर्ध्यांच्या नोंदी मिळवून भागाकार करायचा, पण आपल्याशी झालेले त्यांचे सामने आधी काढून टाकायचे. नाहीतर आपण जिंकलो म्हणून प्रतिस्पर्धी कमकुवत ठरतो. ओहायो स्टेटच्या २०२४ च्या तीन प्रतिस्पर्ध्यांपुरते पाहू. ओरेगन १३-१, पण ओहायो स्टेटशी एक विजय आणि एक पराभव, ते काढून १२-०. नोटर डेम १४-२ मधून एक पराभव काढून १४-१. मिशिगन ८-५ मधून ओहायो स्टेटवरचा एक विजय काढून ७-५. बेरीज ३३-६, टक्केवारी .८४६. न काढता केली असती तर ३५-८, म्हणजे .८१४.

स्प्रेडशीटमध्ये मांडताना

मी पहिल्यांदा हा तक्ता केला तेव्हा एकाच घरात ‘१०-२’ असे टाइप केले आणि पडद्यावर १० फेब्रुवारी उमटले. अमेरिकन मांडणी निवडलेली असेल तर तेच २ ऑक्टोबर होते. एक अख्खा गट भरून झाल्यावर हे लक्षात आल्यामुळे संध्याकाळ वाया गेली. विजय, पराभव आणि बरोबरी यांना सुरुवातीपासून तीन स्वतंत्र रकाने द्यावेत. एकत्र नोंद लिहायचीच असेल तर तो रकाना आधी मजकुराचा म्हणून ठरवून घ्यावा. चौथ्या रकान्यात सूत्र. अंश आणि छेद दोघांनाही कंस घालावेत, नाहीतर यंत्र भागाकार आधी करते आणि बेरीज मागाहून. बरोबरीचा रकाना रिकामा न ठेवता शून्य भरावे. पहिला सामना होण्याआधी छेद शून्य असतो आणि सूत्र चूक दाखवते. तेव्हा उत्तर रिकामे ठेवावे असे सांगून ठेवणे सोयीचे. संख्येचा नमुना दशांश चिन्ह आणि पुढे तीन शून्ये असा दिला की आधीचा शून्य आपोआप गळतो आणि १.००० मात्र तसाच दिसतो.

तक्ता विश्वासू झाला की नाही हे पाहायला नोटर डेमचे जुने प्रशिक्षक नूट रॉकनी यांची नोंद भरून पाहावी: १०५-१२-५. उत्तर .८८१ यायला हवे. .८९७ आले तर तुमचे सूत्र बरोबरी वगळते आहे; .८६१ आले तर बरोबरीला पराभव समजते आहे.